गयासभाईंचं वजन आणि मशीनखालचं पाणी

३ एप्रिल

मशीनखाली आज पुन्हा पाणी.

नोकरीत असताना मी साइटची दैनंदिनी न चुकता लिहायचो. पाटबंधारे खातं ते. कालव्याला कुठं पाझर फुटला की जागा, कारण, उपाय, सगळं नोंदवावं लागे. निवृत्तीनंतर नोंदवण्यासारखं काही घडलंच नाही. आता घडतंय, म्हणून ही वही काढली.

परिस्थिती अशी. वॉशिंग मशीन मागच्या मोरीत, डाव्या भिंतीला लागून. नळाला पाणी आलं की वच्छला मशीन लावते. धुणं संपत आलं की मशीनच्या बुडाखालून पाणी निघतं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे चालू लागतं. ज्या शहरात नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी येतं, तिथं घरात तळं साचावं, आणि तेही पाटबंधारेवाल्याच्या घरात! बाहेर कळू न देणं इष्ट.

वच्छलानं ते पाणी बोटावर घेऊन हुंगलं. म्हणाली, "अहो, ह्याला साबणाचा वासच नाही."

मी म्हणालो, "वासावरून गळती काढत नसतात."

तिनं फडकं आणून पुसून घेतलं. दृष्टी शास्त्रीय नाही, पण कामाला चांगली आहे.

९ एप्रिल

आज मशीनपुढं पाट टाकून सुरुवातीपासून बसलो. वच्छला पावडर चमच्यानं न घेता मुठीनं टाकते, कपडे कोंबते आणि झाकण आपटते, असं आढळलं. पाणी अर्थातच आलं. दोष वापरात आहे हे उघड झाल्यानं बरं वाटलं. ताबडतोब सूचनांचा कागद तयार करून मशीनच्या वर भिंतीला चिकटवला.

वच्छलानं तो उभ्यानं पूर्ण वाचला.

"हे कुणासाठी?"

"वापरणाऱ्यासाठी."

"घरात मशीन कोण वापरतं?"

"तूच की."

"मग तोंडानं सांगायचं होतं."

तोंडी सूचनेला पुढं पुरावा राहत नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. तिला पटलं असावं, कारण त्यानंतर ती काही बोलली नाही. जेवतानाही नाही.

१० एप्रिल

वच्छला सकाळच्या एस.टी.नं कन्नडला भावाकडे, कडूबाकडे गेली. पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "गळणं थांबलं की सांगा."

मला तपासाला मोकळं रान मिळावं म्हणून ती स्वतःहून बाजूला झाली. असा समजूतदारपणा आमच्या खात्यात कुणाकडे नव्हता.

१३ एप्रिल

नळाला पाणी नसताना, छतावरच्या टाकीच्या पाण्यावर मशीन लावून पाहिलं. तीच पावडर, तेच कपडे. खाली ठणठणीत कोरडं! म्हणजे वापर नव्हे, नळाचा दाब. मी सूचनांच्या कागदावर ही दुरुस्ती केली. वच्छलाला फोन करून सांगितलं.

ती म्हणाली, "जेवलात का?"

मी म्हणालो, "दाबाचा प्रश्न आहे."

ती म्हणाली, "इथं आंब्याला पाड लागलाय. कडूबा म्हणतो, या वर्षी—"

मी म्हणालो, "कॉक अर्धा बंद करून बघतो."

"बघा," म्हणाली. फोन बहुधा रेंज गेल्यानं तुटला.

१५ एप्रिल

नळाला पाणी. कॉक अर्धा बंद केला. तरी पाणी आलं.

मी मोरीत ओणवा असताना मागच्या दारातून गयासभाई डोकावले. हे आमचे भिंतीपलीकडचे शेजारी. उर्दू शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. अंगानं भरभक्कम, स्वभावानं त्याहून. आमच्या मोरीची डावी भिंत सामाईक. इकडे आमचं मशीन, तिकडे त्यांचं अंगण.

"आप्पासाहेब, इतके दिवस एकटेच झुंजताय? मला हाक मारायची की!" ते म्हणाले. "थांबा, कूलरला पाइप लावून आलोच."

त्यांचा कूलर लोखंडी, जुना, कपाटाएवढा. नळाला पाणी आलं की पाइप सोडून तो आणि शेजारची दोन पिंपं भरून ठेवावी लागतात. पाइप लावून ते आले, स्टूल ओढून बसले. दोघांनी दोन बाजूंनी लक्ष ठेवलं. त्यांच्या शाळेच्या आठवणी निघाल्या, माझ्या धरणांच्या निघाल्या. फार दिवसांनी कुणाशी मोकळेपणानं बोललो.

पाणी आज नेहमीपेक्षा जास्त आलं.

२१ एप्रिल

क्रांती चौकाजवळच्या दुकानातून फारूख मेकॅनिक आला. त्यानं मशीन आडवं करून पोट उघडलं, आत टॉर्च मारला आणि "मामला अंदर का है" असं सांगितलं. पाणी बाहेर काढणारा पाइप बदलला. मशीन लावलं. गयासभाई कूलरला पाइप लावून मदतीला हजर होतेच. तिघं डोळ्यांत तेल घालून बसलो.

पाणी आलं.

फारूख म्हणाला, "अब सील बदलना पडेगा."

२३ एप्रिल

फारूखनं सील बदललं. टाकीवर मशीन चालवून दाखवलं. एक थेंब नाही. "देखो साब!" म्हणाला. मी देखलं.

२७ एप्रिल

आज नळाला पाणी, पूर्ण दाबानं. मशीन लावलं. धुणं संपलं. खाली कोरडं! हात फिरवून पाहिला, वर्तमानपत्र पसरून पाहिलं. कोरडं!

गयासभाईंना दाखवावं म्हणून हाक मारली, तर त्यांच्या पत्नी शमशादभाभी म्हणाल्या, "वो जालना गए, भतीजे की शादी में. मैं तो आज पानी भी नहीं भरी, कमर पकड़ ली है."

वच्छलाला फोन केला. "थांबलं!"

ती जराशानं म्हणाली, "बरं झालं."

"मग कधी येतेस?"

"पुढच्या पाण्याला बघा आधी."

सावध स्वभाव. मला आवडला.

३ मे

गयासभाई जालन्याहून लग्नातली मिठाई घेऊन अभिनंदनाला आले. कूलरला पाइप लावूनच आले होते, म्हणून निवांत बसले. मी विजयानं मशीन सुरू केलं. आम्ही एकेक बालूशाही तोंडात टाकली.

पाणी आलं.

गयासभाईंचा घास तसाच राहिला. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते स्टुलावर होते. स्टूल मशीनशेजारच्या फरशीवर होतं. अचानक सगळं स्वच्छ दिसलं. गयासभाई येतात तेव्हा गळतं. गयासभाई जालन्याला जातात तेव्हा गळत नाही. वही चाळून पाहिली. ते यायला लागल्यापासून एकही अपवाद नाही.

मी शक्य तितक्या सौम्यपणे विचारलं, "गयासभाई, तुमचं वजन किती असेल?"

४ मे

उपपत्ती अशी. गयासभाई बसले की फरशी केसभर दबते, मशीन कलतं, आतलं पाणी एका अंगाला जातं आणि सांध्यातून उतरतं. टाकीवर मशीन लावतो तेव्हा ते नसतात, कारण नळाच्या दिवशीच घरी राहायचं त्यांना बंधन असतं. एरवी ते मशिदीत किंवा लायब्ररीत असतात. सगळं जुळतं.

गयासभाईंना हे सांगितलं. त्यांना फार वाईट वाटलं. म्हणाले, "म्हणजे वहिनींना माझ्यामुळं माहेरी जावं लागलं?" मी म्हणालो, दोष त्यांचा नाही, फरशीचा आहे. पण त्यांनी तिथल्या तिथं दोन्ही वेळचा भात सोडायचं ठरवलं.

९ मे

भारचाचणी. खडूनं मोरीतल्या फरशांना क्रमांक घातले. गयासभाई पाइप लावून आले, चपला बाहेर काढल्या आणि एकेका फरशीवर उभे राहिले. मी मशीनखाली आरसा धरून पालथा पडलो होतो.

पहिल्या फरशीवर काही नाही. दुसरीवर काही नाही. तिसरीवर गेले आणि थोडा वेळ उभे राहिले, तोच पाणी दिसलं.

"तिसरी!" मी ओरडलो. "हलू नका! एक पाय उचला!"

गयासभाईंनी एक पाय उचलला. पाणी वाढलं. "दुसरा उचला!" मी म्हणालो. तेव्हा आमच्या लक्षात आलं की ते शक्य नाही.

नेमक्या त्याच वेळी शमशादभाभी मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आपला नवरा भिंतीला हात लावून एका पायावर, आणि मी पालथा, तोंडापुढं आरसा. त्यांनी विचारलं, "क्या चल रहा है?"

गयासभाई म्हणाले, "शमशाद, साइन्स है."

त्या वळून गेल्या. मग पलीकडे बादलीचा मोठा आवाज झाला.

१२ मे

वच्छलाचा भाऊ कडूबा कन्नडहून आला. तिच्या आणखी साड्या, चष्मा आणि शिवणाचं मशीन न्यायचं होतं. तिकडे लग्नसराई असावी.

कडूबा शेतकरी, शिवाय बोअर कुठं घ्यावी हे नारळावरून सांगतो. त्याला पंचक्रोशीतून बोलावणी येतात. मोरीतली ओल बघून त्याचे डोळे बारीक झाले. पिशवीतून नारळ काढला, तळहातावर आडवा ठेवला आणि मशीनभोवती फिरू लागला. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. नारळ भिंतीजवळ जाऊन ताडकन उभा राहिला.

"दाजी, हितं लई पानी हाय," कडूबा म्हणाला. "तीनशे फुटांवर झराच हाय. मशीन उचला आन् बोअर मारा."

"मोरीत? बोअरची गाडी आत कशी येणार?"

"भिंत पाडायची."

मी त्याला झिडकारलं. तो जेवायला बसल्यावर मोरीच्या दाराची रुंदी तेवढी मोजून ठेवली. माहिती असलेली बरी.

जाताना कडूबा शिलाई मशीन रिक्षात ठेवत म्हणाला, "दाजी, आक्काला एखांदा फोन करीत जा."

"करतो की. दर पाण्याच्या दिवशी करतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय, व्हय."

१५ मे

सकाळी फारूख टेम्पो घेऊन आला आणि मशीन दुकानात घेऊन गेला. तिथं पूर्ण खोलून बघणार आहे. मोरी मोकळी झाली. मशीन होतं त्या जागी चार पायांचे ठसे आणि वच्छलाचा हरवलेला एक कंगवा.

नळाला पाणी आलं होतं, पण करण्यासारखं काही नव्हतं. गयासभाई सवयीनं आले. अंगानं जरा उतरलेत. आम्ही रिकाम्या जागेपुढं चहा घेत बसलो. "सूनं सूनं वाटतं," ते म्हणाले. मलाही वाटत होतं.

आणि पाणी आलं.

कोरड्या फरशीवर, भिंतीच्या बुडाशी, जुन्या पाइपाचं अर्धवट बुजवलेलं भोक आहे तिथून. आलं आणि नेहमीच्या वाटेनं उंबऱ्याकडे निघालं. मशीन क्रांती चौकात होतं.

गयासभाईंनी हळूच पाय वर घेतले, आपल्या वजनानं होत असेल म्हणून. पाणी थांबलं नाही. ते पुटपुटले, "या अल्लाह." मला, खोटं कशाला बोलू, कडूबाचा झरा आठवला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शमशादभाभींचा आवाज आला, "अजी सुनते हो? कूलर भर के कब का बह रहा है! हर बार पाइप छोड़ के वहाँ जा के बैठ जाते! आँगन की नाली भी नहीं ले रही!"

गयासभाईंनी कप खाली ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. ते उठून पळाले. त्यांना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पलीकडे पाइप बंद झाला. इकडे पाणी बारीक झालं आणि थांबलं.

"सोडा!" मी भिंतीतून ओरडलो. त्यांनी सोडला. आलं. "बंद!" थांबलं. खात्री व्हावी म्हणून आणखी बराच वेळ सोडलं आणि बंद केलं.

मग गयासभाई दारात आले. आत येईनात. भिंतीला टेकून म्हणाले, "आप्पासाहेब, महिनाभर मी माझाच पूर बघायला येत होतो."

दुपारी वच्छलाला फोन केला. तपासाचा निष्कर्ष क्रमवार सांगितला: दोष मशीनचा नाही, दाबाचा नाही, वापराचा नाही, वजनाचा नाही. "पाणी धुण्याचं नव्हतंच," मी म्हणालो. "विचार कर, त्याला साबणाचा वाससुद्धा नव्हता!"

पलीकडे शिवणाच्या मशीनचा आवाज थांबला.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली.

मी वहीची मागची पानं उलटली. "तू. तीन एप्रिलला. नोंद आहे."

"मग?"

"नोंद घेतली होती. कार्यवाही राहिली."

या वेळी रेंज पूर्ण होती. तरी फोन तुटला.

१७ मे

मशीन परत आलं. भोक सिमेंटनं बुजवलं. सूचनांचा कागद काढला. चिकटपट्टीबरोबर रंगाचा पापुद्राही निघाला. वच्छला कालही आली नाही, आजही नाही. गयासभाईही येत नाहीत, लाजले आहेत. मशीन लावलं आणि एकटाच पाटावर बसलो. कोरडं. बघण्यासारखं काहीही नव्हतं.

संध्याकाळी शमशादभाभींना भिंतीवरून विचारलं, "आता तर सगळं ठीक झालं, मग ही येत का नाही?"

त्या वाळलेले कपडे काढत होत्या. म्हणाल्या, "भाईसाब, वो मशीन के वास्ते नहीं गई."

"मग कशासाठी?"

"आपको बोली होगी ना."

"कधी?"

"वही तो," त्या म्हणाल्या आणि कपडे घेऊन आत गेल्या.

मी बराच वेळ भिंतीपाशी होतो. वही पहिल्यापासून वाचून काढली. वच्छलाचं प्रत्येक वाक्य अर्ध्यात संपतं, आणि पुढचं वाक्य माझं आहे.

गयासभाईंच्या दारावर जाऊन थाप मारली. म्हटलं, "भात खायला लागा. आणि मला उद्या कन्नडची गाडी किती वाजता आहे ते सांगा." मला माहीत होती. तरी विचारलं.

१८ मे

कन्नड. कडूबाच्या ओसरीवर शिवणाचं मशीन मांडलं होतं आणि वच्छला परकर शिवत होती. भोवती गल्लीतल्या बायकांच्या कापडांचा ढीग. मला बघून तिनं पाय थांबवले नाहीत.

मी म्हणालो, "गळणं थांबलं."

"कळलं."

"मग चल."

"कशाला?"

वाटेत पुष्कळ उत्तरं तयार केली होती, पण हा प्रश्न त्यांत नव्हता. जेवणाचं म्हणावं तर खिचडी मला येऊ लागली आहे. कपडे धुता येतात. सव्वा महिन्यात धुतलेलीच चादर इतक्यांदा धुतली की तिची नक्षी गेली. ओसरीवरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

म्हणालो, "तू जे जे सांगत होतीस ते मी ऐकलं नाही. आता ऐकतो."

तिनं सुई वर घेतली आणि मशीन थांबवलं. "किती?"

"असेल तेवढं."

"लई हाय, दाजी," कडूबा बाजेवरून म्हणाला.

वच्छला हसली नाही, पण दोरा तोडला. म्हणाली, एवढे परकर पुरे करून उद्या निघू. आणि शिवणाचं मशीन आता पुढच्या खोलीत, खिडकीपाशी राहील. तिथं माझं टेबल आहे. मी म्हणालो, "बरं."

१९ मे

दुपारच्या एस.टी.नं निघालो. शिवणाचं मशीन टपावर. कन्नड सुटल्याबरोबर वच्छला बोलायला लागली. वेरूळ गेलं, खुलताबाद गेलं, ती बोलत होती. मला तीन-चारदा दुरुस्ती सुचवावीशी वाटली. रुमालाची गाठ हातात घट्ट धरून ठेवली आणि बसलो. दौलताबादच्या उतारावर ती थांबली आणि म्हणाली, "ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग सांगा मी काय काय म्हणाले."

मी सांगू लागलो. पाहुण्यांपुढं मी तिचं वाक्य दुरुस्त करतो, ते बंद करावं. माझ्या रक्तदाबापायी घरात अळणी शिजतं, तिला तिखट-मीठ लागतं, तिचं वेगळं काढत जावं. पैठणला तिची मैत्रीण दगडाबाई आजारी आहे, तिला भेटायला जायचं ती मागच्या दिवाळीपासून म्हणते आहे. स्वयंपाकघराचा हिरवा रंग तिला कधीच आवडला नव्हता. तिनं विचारलेल्या प्रश्नाला मी "बघू" म्हणतो आणि बघत नाही. आणि कागद पुन्हा भिंतीला लावायचा नाही. असं सगळं, जसं आलं तसं, न अडखळता सांगितलं. आसपासची बोलणी थांबली होती. कंडक्टरही दांड्याला टेकून ऐकत होता.

"झालं," मी म्हणालो.

मागच्या सीटवर भाजीची पाटी मांडीवर घेतलेली एक बाई होती. तिनं पुढं वाकून माझ्या खांद्याला बोट लावलं.

"पाहुणं, कानाचं राह्यलं."

खरंच राहिलं होतं. खुलताबादच्या चढावर गाडी फार आवाज करत होती, तेव्हा वच्छला म्हणाली होती की वर्षभरापासून एका कानानं कमी ऐकू येतं, दाखवायला जायचं आहे. मी ओशाळून तिच्याकडे पाहिलं, तर ती तोंडाला पदर लावून हसत होती. इतकी, की मागची बाईही हसायला लागली, आणि मग कंडक्टर.

घरी आलो. गयासभाईंनी शिवणाचं मशीन उतरवून घेतलं आणि पुढच्या खोलीत नेऊन ठेवलं. शमशादभाभींनी गहू-डाळीच्या खिचड्याचं भांडं पाठवलं. वच्छला आता आत भाकरी करते आहे. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं आहे. पण कोणता कान, हे मी विचारलंच नव्हतं. लिहिता लिहिता उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन नेहमीसारखा तिच्या डाव्या हाताला उभा राहिलो.

"कोणता कान, गं?"

ती काहीच बोलली नाही. भाकरी थापत राहिली.

मी तिला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेलो आणि परत विचारलं.

डावा.